अहो, तो पंखा बंद करा

३ मार्च, सोमवार

लेकीने तिच्या आईसाठी सहा वह्यांचा गठ्ठा आणला होता. बोलता येत नाही तर निदान लिहील, हा हेतू. पण हिला पाटीच बरी वाटते. लिहायचं, दाखवायचं, पुसून टाकायचं. वह्या तशाच पडून होत्या. चांगला कागद वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आजपासून एक वही मी घेतली. मी गोदामाचा माणूस. आलेला माल, गेलेला माल, फुटलेला माल लिहून ठेवण्यात तीस वर्षं गेली. आता घरचं लिहून बघतो.

पहिली नोंद गमतीची. दुकानाच्या कॉम्प्युटरला वेड लागलं आहे.

आमचं दुकान म्हणजे तीन मजली बाजारच. छताला जागोजागी स्पीकर आहेत आणि त्यातून कॉम्प्युटर घोषणा करतो. आवाज मात्र हिचा. ही चौकशीच्या खिडकीवर होती. नऊ वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी हिचा आवाज भरून घ्यायचं ठरवलं. आवाज घुमू नये म्हणून मी गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यांची भिंत रचली, आत हिला बसवलं आणि बटण दाबायला मी. अकरा दिवस चाललं ते. अकराशे मालांची नावं, एक ते शंभर आकडे आणि चाळीस वाक्यं, सगळं सुटं सुटं. कॉम्प्युटर हवं ते उचलतो, जोडतो आणि बोलतो.

मालाची नावं ठेवणाऱ्यांना काय सुचेल सांगता येत नाही. संडास साफ करण्याच्या द्रावणाचं नाव ‘आत्मविश्वास’. लांब दांड्याच्या पोछ्याचं ‘वाकू नका’. उंदराच्या गोळ्या ‘निरोप’. अपचनाचं चूर्ण ‘हुश्श’. भांडी घासायच्या साबणाचं नाव ‘पश्चात्ताप’ का ठेवलं, हे त्या कारखानदारालाच ठाऊक. ही एकेक नाव वाचायची आणि हसू आवरत नसल्याने आम्हाला पुन्हा पुन्हा भरून घ्यावं लागायचं. ‘आत्मविश्वास, एक लिटर’ एवढ्या तीन शब्दांत आमची अर्धी सकाळ गेली होती.

तर शनिवारी कॉम्प्युटरमध्ये नवी प्रणाली टाकली आणि आज सगळ्या ओळी एकेक घर सरकल्या. सकाळी साडेदहाला अख्ख्या दुकानाने ऐकलं, “लहान मुलांच्या वाढीसाठी, रोज दुधात कालवून द्या, निरोप, उंदराच्या गोळ्या.” दुपारी एक मुलगी चुकली, तर घोषणा झाली, “पिवळा फ्रॉक घातलेली, वय वर्षे चार, वाकू नका लांब दांड्याचा पोछा, काउंटर एकपाशी आईची वाट पाहत आहे.” त्या मुलीची आई धावत आली ती रडत आणि हसत एकदमच.

घरी येऊन हिला सगळं नकलांसह सांगितलं. खूप हसली. हसताना तिच्या गळ्यातल्या भोकातून नुसता वारा येतो, फस् फस् असा. ऑगस्टमध्ये स्वरयंत्र काढलं तेव्हापासून तिचं हसणं असं झालं आहे. मी तेव्हा पाणी आणायला उठलो. तहान कुणालाच नव्हती.

७ मार्च, शुक्रवार

ओळी अजून सरकलेल्याच आहेत. त्यात आज नवीनच प्रकार. जुन्या ध्वनिफितींची पुढची-मागची कात्री निघून गेली आहे. म्हणजे तेव्हा आम्ही नावाच्या आधीचं खाकरणं, नंतरचं हसणं कापून टाकलं होतं, ते सगळं परत जोडलं गेलं. दुकानभर हिचं खाकरणं ऐकू येतं आहे. एकदा तर “परत घेऊ का?” असं विचारलं तिने, आणि एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, घे बाई, घे.

चार वाजता मी दुसऱ्या मजल्यावर खोकी उतरवत होतो. स्पीकरमधून आलं, “आत्मविश्वास, एक लिटर.” मग थोडं हसू. मग, “अहो, तो पंखा बंद करा ना, आवाज येतोय.”

मला म्हणाली होती ती. गोदामात, टॉवेलांच्या आडून. मी स्टुलावर बसलो. सात महिन्यांत मला कुणी ‘अहो’ म्हटलेलं नाही. बाहेर लोक म्हणतात ते वेगळं. रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, आडोशाला खोकी होतीच.

हिला हे सांगितलं नाही. का, ते कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

ओळी सरळ करणं मला जमतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण कात्रीही त्याबरोबरच परत लागेल. म्हणून मी साहेबांना म्हणालो, फार गुंतागुंतीचं आहे, बघतो.

आणि दुसरं म्हणजे, रोज कोणत्या मालाची जाहिरात वाजवायची ती यादी मीच भरतो. या आठवड्यात ‘आत्मविश्वास’ दिवसातून सहा वेळा लावला आहे. ओळी सरकल्यामुळे तो मिळवायला यादीत पापड लिहावे लागतात, तेवढं मी शोधून काढलं. त्यामुळे पापडांच्या जाहिरातीत माझी बायको मला पंखा बंद करायला सांगते आणि गिऱ्हाइकं हसतात. काउंटर चारच्या बाई हसत नाहीत. त्या हिच्या जुन्या मैत्रीण. आज म्हणाल्या, तुम्ही सहा वाजले की घरी जात जा, इथे रेंगाळू नका. मी म्हटलं, काम असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला कळलं.

१९ मार्च, बुधवार

बुधवारी हिचा वर्ग असतो. ज्यांचं स्वरयंत्र गेलं त्यांना तिथे हवा गिळून, ती घशातून परत आणून बोलायला शिकवतात. जानेवारीत पहिल्या दिवशी मी आत बसलो होतो. एक निवृत्त कंडक्टर तिथे बोलून दाखवत होता. ढेकरांचे शब्द केल्यासारखा आवाज. चांगला माणूस, मला नाव विचारत होता. पण माझं अंग शहारलं आणि ते हिने पाहिलं. तेव्हापासून मी फाटकाशी थांबतो. आत उकडतं, असं हिला सांगितलं आहे.

शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की काहींना जमतं, काहींना कधीच नाही. तीन महिने होत आले. हिच्या तोंडून मी तरी काही ऐकलेलं नाही. जमत नसावं. खरं सांगायचं तर, नाही जमलं तरी चालेल, असं आज फाटकाशी उभा असताना मनात आलं. पाटी आहे, हातवारे आहेत, आमचं अडत नाही. तो आवाज हिच्या तोंडातून आला तर मी काय करीन, याची मला भीती वाटते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

आणखी एक. ही हल्ली मी घरी असताना न्हाणीघरात अर्धा अर्धा तास नळ सोडून बसते. मी दारावरून म्हटलं, अगं पाणी वाहून जातंय. नळ बंद झाला. मी पुढच्या खोलीत गेलो तसा पुन्हा सुरू. आजारपणात माणसाला चमत्कारिक सवयी लागतात. बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी किल्ली विसरलो म्हणून घरी आलो. ही फोन कानाला लावून उभी. मला बघून एकदम ठेवून दिला. पाटीवर लिहिलं, ‘लेक होती’. मला भरून आलं. पलीकडून लेक बोलत असणार आणि ही नुसती ऐकत असणार. संध्याकाळी लेकीला फोन करून म्हटलं, आईशी रोज बोलत जा, तिला बरं वाटतं. ती म्हणाली, बाबा, तुम्हीही बोलत जा.

दुकानात वेगळाच गोंधळ. ‘आत्मविश्वास’चा साठा संपला. सहा-सहा वेळा घोषणा ऐकून लोकांनी कपाटच रिकामं केलं. साहेबांनी विचारलं, या संडासच्या बाटलीवर तुझा एवढा जीव का? मी साठ्याची वही चाळू लागलो. ते म्हणाले, शनिवारी कंपनीच्या इंजिनिअर बाई येताहेत, त्या सगळं सरळ करतील.

२९ मार्च, शनिवार

इंजिनिअर बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, डबा खाताखाता काम करणाऱ्या. वीस मिनिटांत ओळी जागेवर आणल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, हे तुम्हाला येत नव्हतं असं वाटत नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. परक्या बाईला, तेही जिन्याखाली, सर्व्हरच्या खोलीत.

त्यांनी डबा बाजूला ठेवला. न कापलेल्या ध्वनिफिती एका डिस्कवर उतरवून दिल्या. म्हणाल्या, “घरी न्या. पण त्या आता बोलतात कशा?” मी म्हटलं, बोलत नाही. “मग सांगतात कशा?” मी म्हटलं, पाटी आहे. त्यांना अजून काही विचारायचं होतं, पण कॉम्प्युटर तयार झाला.

तीन वाजता स्वच्छ, कापलेली घोषणा झाली, ‘आत्मविश्वास, एक लिटर.’ पुढे काही नाही. एक मुलगा आईला विचारत होता, आज पंखा बंद कर म्हणाली नाही? मी तिथून निघून गेलो.

५ एप्रिल, शनिवार

आठवडाभर खपून मी एक गोष्ट केली आहे आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारावीशी वाटते. लेकीचा जुना लॅपटॉप घेतला, त्यात हिचे अकराशे शब्द आणि चाळीस वाक्यं भरली आणि पडद्यावर बटणं काढली. बटण दाबलं की हिच्याच आवाजात शब्द येतो. दोन बटणं दाबली की दोन शब्द जोडून. पाटी पुसायची कटकट संपली. हिला तिचा आवाज परत मिळाला.

आज जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं. हिने चष्मा लावला आणि बराच वेळ नुसती बटणं वाचत राहिली. मी म्हटलं, बोल की काहीतरी. तिने एक दाबलं. “ग्राहकांनी कृपया आपल्या सामानाची काळजी घ्यावी.” मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, अजून. ती शोधत राहिली. तिला काय म्हणायचं होतं देव जाणे, पण यादी वर-खाली करून शेवटी तिने दाबलं, “काउंटर नंबर चार बंद आहे.” आणि हात मांडीवर ठेवले.

थोडे शब्द कमी पडतात हे खरं. ‘दुखतंय’ नाही, ‘नको’ नाही, लेकीचं नाव नाही. चहा आहे, पण चार प्रकारचा आणि किलोवर. मी म्हटलं, जमेल तसं जमवू. मग सगळ्यात मोठं हिरवं बटण दाखवलं. ते खास आहे. म्हटलं, मला बोलवायचं असलं की हे दाबायचं. आणि दाबून दाखवलं. “अहो, तो पंखा बंद करा ना, आवाज येतोय.”

हिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आनंदाने. जुना आवाज अचानक ऐकल्यावर कुणालाही गलबलून येईल. ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सुरू झाला. आज मी पाण्याबद्दल काही बोललो नाही. मन भरून येतं तेव्हा माणसाला एकटं सोडावं.

८ एप्रिल, मंगळवार

हिरवं बटण हिने अजून एकदाही दाबलेलं नाही. तीन दिवस वाट पाहिली. घरात पंखा लावून बसतो, मुद्दाम.

आज सकाळी मात्र घाबरायची वेळ आली. मी खिडकीशी कानाला हेडफोन लावून शब्दांची छाटणी करत बसलो होतो. ही मागे येऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवला. मी हेडफोन काढला तर हिने तोंड उघडलं, मान ताणली, डोळे मिटले आणि घशातून मोठा ढेकर आला. ऑक् असा. मग पुन्हा एक. चेहरा लाल. मी ताडकन उठलो, खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “अगं, अपचन झालंय तुला. रात्रीचं जड झालं.” हुश्श चूर्णाची पुडी घरात असतेच. दोन चमचे पाण्यातून दिलं.

तिने वाटी हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. फस् फस्. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मग सगळं चूर्ण निमूट प्यायली. मी विचारलं, बरं वाटलं का? पाटीवर लिहिलं, ‘हो’.

प्रसंगावधान राखलं याचं समाधान आहे. पण डॉक्टरांना हे ढेकरांचं सांगायला हवं.

१० एप्रिल, गुरुवार

सांगितलं. नेहमीची तपासणी होतीच. डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि मग आम्हाला दोघांना बसवून सांगितलं. परत आलं आहे. या वेळी अन्ननळीच्या वरच्या टोकाला. तो भाग काढून पोट वर ओढून जोडायचं. मोठं ऑपरेशन. नाही केलं तर दुकान लवकरच बंद, असे शब्द नाहीत वापरले त्यांनी, पण अर्थ तोच.

डॉक्टर हिला म्हणाले, बोलण्याचा सराव मात्र आता थांबेल, कारण ज्या नळीवर तो चालतो तीच जाणार. मी पटकन म्हणालो, “ते काही जमतच नव्हतं डॉक्टर, तेवढं तरी नुकसान नाही.”

हिला धीर यावा म्हणून म्हणालो. हिने खिडकीकडे तोंड केलं. घरी येईपर्यंत पाटी पिशवीतून काढली नाही.

मला खूप भीती वाटते आहे.

१४ एप्रिल, सोमवार

लेक आली. माय-लेकी आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. मी गेलो की गप्प. म्हणजे लेक गप्प. ऑपरेशन बावीसला.

१७ एप्रिल, गुरुवार

जेवायला बसलो तर हिने पाटी पुढे केली. ‘ते यंत्र टेबलावरून उचला. ताटं ठेवायला जागा नाही.’ मी उचलून कपाटात ठेवलं. मला लागलं ते. आठवडाभर रक्त आटवून केलेली वस्तू. पण आजारी माणसापुढे काय बोलायचं? नाकापेक्षा मोती जड झाला असेल, म्हणून सोडून दिलं.

काल वर्गाचा दिवस होता. ही शेवटचं जाऊन आली. मी फाटकाशी. बाहेर येताना तो कंडक्टर हिच्याबरोबर दारापर्यंत आला, दोघांनी हात जोडले. तो माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. त्याला बोलता येतं, तरी.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातला आत नेलं. दुपारी अडीचला बाहेर. डॉक्टर म्हणाले, जे करायचं ते झालं, आता चार-आठ दिवस बघायचे. मी लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो.

२६ एप्रिल, शनिवार

नाकात नळी, पोटात नळी, हाताला दोन. ताप आहे. डोळे उघडते, मला बघते, मिटते. पाटी उशाशी ठेवली आहे, पण बोटांत जोर नाही. मी बोलत राहतो, दुकानातलं काहीबाही. दुकानात हिचा आवाज कायमचा काढणार आहेत, आता आणखी नवी प्रणाली येतेय, ती स्वतःच बोलते म्हणे. ते मात्र सांगितलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

आज वर्गाच्या बाई हिला बघायला दवाखान्यात आल्या होत्या. ही झोपेत होती. त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग बाहेर कट्ट्यावर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, “वर्गात इतकी मेहनत कुणी केली नव्हती. वाईट वाटतं. पण एक बरं झालं, तुम्हाला हाक मारायची तिची इच्छा पुरी झाली.”

मी म्हटलं, कसली हाक?

त्या गोंधळल्या. मग सांगायला लागल्या. वर्गात सुरुवात ‘पाटा’, ‘काका’ अशा शब्दांनी करतात, ते सोपे असतात. ‘अहो’ फार अवघड, कारण त्यातल्या ‘ह’ला छातीतला वारा लागतो आणि तो या लोकांच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. हिला तोच शब्द हवा होता. बाईंनी परोपरीने सांगितलं, दुसरं काही निवडा. ऐकलं नाही. बाकीचं बोलायला फेब्रुवारीतच लागली होती, पण नवऱ्याशी बोलायचं ते आधी हाक मारूनच, असं ठरवून बसली होती. घरी नळ सोडून सराव करायची. शेवटी एप्रिलमध्ये जमला. नऊ तारखेला वर्गात येऊन सगळ्यांना म्हणाली, काल मारली हाक.

बाईंनी विचारलं, मग काय म्हणाले?

तर म्हणाली, लगेच उठले.

मी वही आणायला घरी गेलो. आठ एप्रिलचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात आहे सगळं. ढेकर. अपचन. दोन चमचे. प्रसंगावधान.

मग मी वेड्यासारखा हिंडलो. दुकानात गेलो आणि काउंटर चारच्या बाईंना विचारलं, तुमच्याशी बोलली का कधी? त्या उठून बाजूला आल्या आणि म्हणाल्या, मार्चपासून बोलायची हो, दर आठवड्याला यायची तुम्ही गोदामात असताना. मी केस कापले होते तर म्हणाली, शोभतात. मी विचारलं, अजून? म्हणाल्या, तुमच्याबद्दल बोलायची, त्यांना हा आवाज ऐकवत नाही, थोडा बरा झाला की बोलेन. लेकीला विचारलं. लेक रडायला लागली. रोज अर्धा तास बोलायची आई, बाबांना सांगू नकोस म्हणाली होती, मला तिचं ऐकावं लागलं. मी म्हटलं, काय काय बोलली ते सांग. ती आठवून आठवून सांगत गेली. भाजी काय केली, पायाला गोळे येतात, शेजारणीचं मांजर व्यालं. बाबा शर्टाची बटणं चुकीची लावून दुकानात जातात, त्यांना सांगायला जीव तडफडतो.

दूधवाल्याशीसुद्धा बोलली होती. मी त्यालाही विचारलं. ‘उद्या अर्धा लिटर जास्त.’

कपाटात अकराशे शब्द आहेत. या आवाजातला एकही कुठे भरून ठेवलेला नाही. जगात सगळ्यांनी तो ऐकला. माझ्या पुढ्यात तो आला तेव्हा मी त्याला औषध दिलं.

२ मे, शुक्रवार

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला असं धरायला हरकत नाही. भेटीची वेळ चार ते पाच. लेक खाली औषधं आणायला गेली आणि आम्ही दोघंच होतो.

तीन दिवस मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. मोठी मोठी. तिथे बसलो आणि सगळी पळाली. ती जागी होती. पांढरीफटक, गाल आत गेलेले, पण नजर ओळखीची. माझ्या शर्टाकडे बघत होती. मी बटणं नीट लावून गेलो होतो.

मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, “ओ.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“त्या मंगळवारी तू हाक मारलीस. मी ओ दिली नाही. मला कळलंच नाही गं. आता देतोय. ओ. बोल, काय म्हणत होतीस?”

तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. पुसायला तिचा हात वर येईना, मी पुसलं. मग तिने बोटं हलवली. मी पाटी धरली, खडू बोटांत दिला. बराच वेळ लागला. अक्षरं वाकडीतिकडी, एकात एक गेलेली.

‘आठवत नाही.’

मी म्हटलं, असू दे. आठवलं की सांग. मी इथेच आहे, मला काही घाई नाही. तिने मान हलवली. मी पाटी पुसून पुन्हा तिच्या हाताखाली धरली. लेक औषधं घेऊन आली तरी ती छताकडे बघत, कपाळाला आठी घालून, खरोखरच आठवत होती.